चौकटवाल्यांचे उंट

चौकटवाल्यांना बुद्धिबळात एकच गोष्ट मनापासून यायची, ती म्हणजे मधे घुसणं. पहिल्या चालीला राजासमोरचं प्यादं दोन घरं पुढे, दुसऱ्या चालीला वजिरासमोरचं दोन घरं पुढे, आणि तिसऱ्या चालीला उंटासमोरचं. एवढं झालं की ते खुर्चीत मागे रेलायचे आणि समोरच्याकडे अशा नजरेने बघायचे, की जणू अख्खा पट त्यांच्या नावावर झालाय आणि बाकीचे भाडेकरू आहेत.

स्वभावही थेट तसाच. दोन माणसं बोलत उभी असली की तिसरे चौकटवाले असायचेच. रस्त्यात कुणी पत्ता शोधत असला तर त्याने विचारायच्या आत हे सांगणार, आणि सांगून झाल्यावर चार पावलं बरोबर जाऊन आणखी एक जवळचा रस्ता दाखवणार. मनात खोट काडीची नाही, पण धीर म्हणून नाही. बायको म्हणायची, "यांना कुणी विचारत नाही, आणि हे कुणाला सोडत नाहीत." हे वाक्य त्यांच्यासमोरच म्हणायची आणि त्यांना ते कौतुक वाटायचं.

चौकटवाले हे त्यांचं नाव नव्हे, धंदा. चित्रांना, फोटोंना, आरशांना चौकटी करून द्यायच्या. दुकान अरुंद आणि लांबलचक, आगगाडीच्या डब्यासारखं. पुढे गिऱ्हाइकासाठी फळी, भिंतीवर पट्ट्यांच्या नमुन्यांचे काटकोनी तुकडे टांगलेले, मधोमध कामाचं मोठं टेबल, आणि अगदी मागे काचांची घोडी, तिच्यात काचा उभ्या, दोन काचांमध्ये कागद. सगळीकडे सरसाचा वास आणि पायाखाली लाकडाचा भुसा. हा भुसा घरी न्यायचा नाही असा बायकोचा दंडक होता, आणि तो रोज मोडला जायचा.

या कामात चौकटवाल्यांना स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा नव्हता आणि तोच त्यांचा मोठेपणा होता. चौकट चौकोनी दिसते म्हणून ती चौकोनी असतेच असं नाही, हे ते प्रत्येकाला सांगायचे. चारही बाजू बरोबर मापाच्या असल्या तरी चौकट कलंडलेली असू शकते. म्हणून सरस सुकायच्या आत एक दोरी घ्यायची, या कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यापर्यंत ताणायची, मग उरलेल्या दोन कोपऱ्यांतून. दोन्ही वेळा दोरी तेवढीच भरली तर चौकट काटकोनात. नाहीतर हलक्या हाताने दाबून ती सरळ करायची.

हे सगळं त्यांनी लेकीला शिकवलं. एकुलती एक लेक. तिला दुसरं काही जमत नव्हतं म्हणून ती दुकानात आली असं नाही, तिला हेच हवं होतं. पट्टी तिरपी कापून दोन टोकं जुळवली की तिच्या हातच्या सांध्यात नख शिरत नसे. चौकटवाल्यांच्या सांध्यात नख शिरायचं. हे दोघांनाही माहीत होतं, पण ते तोंडाने कबूल करण्याची वेळ चौकटवाल्यांनी स्वतःवर कधी येऊ दिली नव्हती.

मग एक दिवस एक बाई लहान मुलाने काढलेलं चित्र घेऊन आल्या. लेक त्यांना समजावत होती की चित्र इवलंसं आहे, तर भोवती रुंद पांढरी किनार सोडू, म्हणजे ते उठून दिसेल. बाईंना पटत आलं होतं. तेवढ्यात चौकटवाले मागून आले, लेकीच्या हातातला टेप घेतला आणि म्हणाले, एवढी किनार म्हणजे नुसता कागद वाया, चित्रापेक्षा कागदच जास्त दिसेल. बाई त्यांच्याकडे वळल्या, त्या वळल्याच. पुढचं सगळं बोलणं त्यांनी चौकटवाल्यांशी केलं. लेक हात बांधून बाजूला उभी राहिली.

संध्याकाळी दुकान झाडताना ती आवाज न चढवता बोलली. दुसऱ्या गावातल्या चित्रसंग्रहालयातून तिला बोलावणं आलं होतं. जुन्या चित्रांच्या चौकटी दुरुस्त करायचं काम, स्वतःचं टेबल, स्वतःची खोली. काय ते उत्तर द्यायला तिच्याकडे दोनेक महिने होते. "मला इथेच राहायचंय, बाबा," ती म्हणाली. "पण तुम्ही मधे येणं थांबवलं तरच. दर वेळी माझ्या हातातून टेप जाणार असेल, तर मी तिकडे जाते."

चौकटवाल्यांना भीती वाटली ती दुकान बंद पडेल याची नव्हे. दुकानं उघडतात, बंद पडतात. पण सकाळी शटर वर करताना शेजारी ती नसेल, हे त्यांना कल्पनेतसुद्धा बघवेना. त्यांनी मान हलवली आणि मनाशी पक्कं केलं, की आजपासून तोंडाला कुलूप.

आता कुलूप लावणं सोपं, पण ते लावून दिवसभर बसायचं कुठे? त्यांनी काचांच्या घोडीशेजारचा कोपरा धरला. तिथे एक स्टूल, समोर पालथा खोका, खोक्यावर बुद्धिबळाचा पट. आणि दुपारी समोर डॉक्टरीणबाई.

डॉक्टरीणबाई दातांच्या. रस्त्यापलीकडे पहिल्या मजल्यावर त्यांचा दवाखाना. वय झालं तसे त्यांनी पेशंट फक्त सकाळी बघायचे ठेवले होते आणि दुपार चौकटवाल्यांना हरवण्यासाठी राखली होती. त्यांची खेळण्याची तऱ्हाच अजब. चौकटवाले तीन प्यादी छाती काढून मधे आणायचे, आणि या बाई बाजूचं, घोड्यासमोरचं एखादं प्यादं एकच घर पुढे सरकवायच्या. मग त्या रिकाम्या झालेल्या घरात उंट नेऊन बसवायच्या. मग दुसऱ्या बाजूला तेच. मधे पाऊलसुद्धा टाकायच्या नाहीत. चौकटवाल्यांना वाटायचं, बाई घाबरल्या. दहा-बारा चाली होईपर्यंत त्यांना तसंच वाटत राहायचं. मग बाईंचं एक साधं प्यादं पुढे यायचं, चौकटवाल्यांच्या मधल्या प्याद्याला धक्का द्यायचं, आणि बघता बघता सगळा मध्य भुलीच्या इंजेक्शनाशिवाय उपटला जायचा.

कोपऱ्यात बसायला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात चौकटवाल्यांनी हात जोडले आणि म्हणाले, हे मला शिकवा. बाईंनी शिकवायला सुरुवात केली. उंटाला असं बाजूला बसवण्याला परदेशी शब्द आहे, फियानचेटो. चौकटवाल्यांनी तो दिवसभर घोळवला आणि रात्री घरी जेवताना बायकोला सांगितलं, की आपल्याला आता फणचेटो येतो. बायको म्हणाली, "डॉक्टरांना दाखवलंत का?"

शब्द काही त्यांच्या जिभेवर बसला नाही, पण गोष्ट मात्र पटकन डोक्यात शिरली, कारण ती त्यांच्याच धंद्यातली निघाली. बाईंनी दाखवलं, की हा उंट इथे बसला की त्याची वाट या कोपऱ्यातून थेट समोरच्या कोपऱ्यात जाते. दुसऱ्या उंटाची वाट उरलेल्या दोन कोपऱ्यांतून. मधली जी चार घरं, त्यांतली दोन एकाच्या वाटेवर आणि दोन दुसऱ्याच्या. चौकटवाले पटाकडे बघतच राहिले. मग उठले, टेबलावरची दोरी आणली आणि पटावर एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात ताणून धरली. "अहो, हे तर मी रोज करतो," ते म्हणाले. "मधे हात न लावता मध्य सरळ ठेवायचा."

बाईंना ते फार आवडलं. त्यांनी पुढचंही सांगितलं. या मांडणीला अमुकच क्रम असा नाही. आधी हा उंट की तो, घोडा आधी की प्यादं, राजाला कोपऱ्यात कधी न्यायचा, हे समोरचा काय करतो ते बघून ठरवायचं. आपला बेत आपल्याशी. समोरच्याला मध्य घेऊ द्यायचा, पसरू द्यायचं, आणि तो किती पसरला ते बघून मग त्याला कुठे धक्का द्यायचा ते ठरवायचं. लवचीकपणा म्हणतात तो हा.

चौकटवाल्यांनी यातलं अर्धं ऐकलं. माणूस आपल्याला हवं तेवढंच ऐकतो. त्यांच्या कानात राहिलं ते एवढंच, की कोपऱ्यात बसायचं आणि दुसऱ्याला मध्य घेऊ द्यायचा. नेमकं हेच तर ते लेकीसाठी करत होते. पटावरचं आणि दुकानातलं एकच झालं, असं त्यांना वाटलं, आणि आपण म्हातारपणी का होईना, शहाणे झालो, असंही वाटलं.

मग सुरू झालं त्यांचं नवं राज्य. गिऱ्हाईक आलं की ते पटाकडे बघायचे. लेक कुठली पट्टी घेते, किती माप धरते, सगळं त्यांना तिरक्या नजरेने दिसत असायचं, पण ओठ शिवलेले. सुरुवातीला लेकीने दोन-तीनदा विचारलं, ही गडद पट्टी कशी वाटते? त्यांनी मानेनेच सांगितलं, तुझं तू बघ. एकदा तिने फार सुंदर सांधा केला आणि उगाचच तो त्यांच्या बाजूला वळवून ठेवला. त्यांनी बघितला. त्यांना उठून तिच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला. पण नको, उगाच मधे जायला नको, म्हणून त्यांनी हत्ती एक घर डावीकडे सरकवला. हळूहळू लेकीने विचारणं बंद केलं. मग एकूण बोलणंच कमी केलं. चौकटवाल्यांना वाटलं, चला, पोरगी सुखात आहे.

घरी बायको वैतागली. "घरात दोन मुके आणि मी एकटी रेडिओ," ती म्हणाली. "अहो, काय चाललंय तुमचं?" चौकटवाल्यांनी तिला मोठ्या समजूतदारपणे सांगितलं, की तुला त्यातलं कळायचं नाही.

पटावर मात्र ते पहिल्यापेक्षा वाईट हरत होते. मांडणी देखणी व्हायची. दोन्ही उंट आपापल्या कोपऱ्यात, राजा घरात, घोडे जागेवर. पण त्यानंतर काय करायचं ते त्यांना सुचायचं नाही. मग हत्ती इकडे, हत्ती तिकडे. बाई प्यादी पुढे रेटत आणायच्या आणि हळूहळू चौकटवाल्यांच्या फौजेला हलायलाही जागा उरायची नाही. एकदा असाच कोंडमारा झाल्यावर बाईंनी त्यांच्या उंटावर बोट ठेवलं. त्याच्या वाटेवर चौकटवाल्यांचंच प्यादं होतं आणि त्यापुढे बाईंचं. बाई म्हणाल्या, वाट उघडली नाही तर हा कोपऱ्यात बसून करणार काय? नुसतं बघून दात निघत नाही. चौकटवाले हसले, पण त्यांना ते उमगलं नाही.

आरशाचं काम आलं ते त्याच सुमारास. गावात एक नाच शिकवणाऱ्या बाई होत्या. त्यांनी नवा हॉल घेतला होता आणि त्यांना एका भिंतीला मोठा आरसा हवा होता, भोवती अगदी बारीक चौकट. जाड पट्टी नको, डोळ्यांत भरते म्हणाल्या. लेकीने एवढं मोठं काम एकटीने कधी केलं नव्हतं. तीन दिवस ती टेबलापासून हलली नाही. चौकट अशी झाली की बघत राहावं. दोरी लावली, दोन्ही वेळा केसाचाही फरक नाही.

आरसा चौकटीत बसवायचा होता त्या दुपारी चौकटवाले आणि डॉक्टरीणबाई खेळत होते. लेकीने चौकट पालथी घातली, आणि चौकटवाल्यांना दिसलं, की खालच्या दोन कोपऱ्यांना मागून लोखंडी कोन लावलेले नाहीत. नुसता सरस आणि खिळे. चित्राला तेवढं पुरतं. पण जाड आरशाचं सगळं ओझं खालच्या पट्टीवर येतं आणि पट्टी ही एवढीशी. ते स्टुलावरून अर्धे उठले. तोंड उघडलं. मग आठवलं, की तीन दिवस ती हे एकटीने करतेय. आता शेवटच्या घटकेला आपण जाणार आणि म्हणणार, हे चुकलं. म्हणजे पुन्हा तेच. टेप हातातून घेतल्यासारखंच.

"चाल तुमची आहे, चौकटवाले," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

चौकटवाले खाली बसले आणि त्यांनी हत्ती एक घर उजवीकडे सरकवला. तिकडे टेबलाशी लेक आणि शेजारच्या दुकानातला माणूस मिळून आरसा उचलून चौकटीत ठेवत होते. आरसा बसला. मग तो भिंतीला टेकवून उभा केला. चौकटवाल्यांनी स्वतःची समजूत घातली, की राहील कदाचित, हल्लीचे सरस जबर असतात.

तो राहिला नाही. सकाळी शटर वर केलं तेव्हा खालचा डावा सांधा बोटभर उघडला होता, आरसा खाली घसरून जमिनीवर टेकला होता आणि त्या कोपऱ्यातून एक तडा नदीच्या नकाशासारखा वरपर्यंत गेला होता. लेकीने वाकून सांध्यावरून बोट फिरवलं आणि मागच्या बाजूला हात घातला. तिच्या लगेच लक्षात आलं.

"कोन लावायला हवे होते," ती म्हणाली. तिने चौकटवाल्यांकडे वळून बघितलं. त्यांचं तोंडच सांगत होतं. "तुम्हाला दिसलं होतं?"

खोटं बोलणं त्यांना कधी जमलं नव्हतं. ते म्हणाले, दिसलं होतं.

"आणि तुम्ही बोलला नाहीत."

"तूच म्हणाली होतीस, मधे येऊ नका."

लेकीचे डोळे भरून आले, पण आवाज तसाच खाली राहिला. "मी मधे येऊ नका म्हटलं, बाबा. अबोला धरा नाही म्हटलं. महिनाभर तुम्ही माझ्याशी एक शब्द बोलला नाहीत. मी विचारलं तरी मान हलवायचात. मला वाटलं, मी बोलले त्याचा राग आलाय. मग वाटलं, मी राहिले काय आणि गेले काय, यांना फरकच पडत नाही."

एवढं बोलून ती नाचाच्या बाईंना सांगायला निघून गेली. चौकटवाले भुशात उभे राहिले. अबोला! ते ज्याला आजवर मौन समजत होते, त्याग समजत होते, लेकीला दिलेली जागा समजत होते, त्याला तिच्या लेखी दुसरंच नाव होतं. अबोला रागावलेली माणसं धरतात. अबोला शत्रूशी असतो, नाहीतर फार जवळच्या माणसाशी. आणि हे एका घरात जेवत असताना त्यांना कळलं नव्हतं, पण बायकोला कळलं होतं. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली, की फुटक्या आरशासमोरून ते बाजूला सरकले.

दुपारी डॉक्टरीणबाई आल्या. आरसा बघितला, काही विचारलं नाही. पट मांडला. चौकटवाले म्हणाले, आज खेळायचं नाही, आज कालचाच डाव परत लावा. बाईंना डाव पाठ होता. त्यांनी तो आदल्या दुपारच्या त्या चालीपर्यंत मांडला. चौकटवाल्यांनी विचारलं, इथे मी हत्ती हलवला. तुम्ही काय केलं असतंत? बाईंनी चौकटवाल्यांचं एक प्यादं एक घर पुढे टाकलं, थेट आपल्या मधल्या प्याद्याच्या अंगावर. मारामारी झाली, दोन प्यादी पटावरून गेली, आणि इतके दिवस भिंतीकडे तोंड करून बसलेल्या उंटाची वाट एकदम समोरच्या कोपऱ्यापर्यंत मोकळी झाली.

बाई म्हणाल्या, लोकांना वाटतं हा घाबरट डाव आहे. घाबरट नाही. मध्य दुसऱ्याला देतो म्हणजे मध्याशी आपला संबंध नाही, असं नव्हे. सगळा जीव तर तिथेच लागलेला असतो. फक्त पहिल्या चालीला धावायचं नसतं, एवढंच. पण वेळ आली की धावायचं असतं. आणि बुद्धिबळात आपली पाळी आली की गप्प बसता येत नाही. काही ना काही हलवावंच लागतं. तुम्ही हत्ती हलवलात, म्हणजे गप्प बसला नाहीत, वाईट चाल खेळलात.

चौकटवाले त्या प्याद्याकडे बघत म्हणाले, "पण प्यादं एकदा पुढे गेलं की मागे घेता येत नाही."

"म्हणून तर लोक हत्ती हलवत बसतात," बाई म्हणाल्या आणि दवाखान्यात निघून गेल्या. पेशंट नव्हता, पण त्या गेल्या. त्यांना केव्हा उठायचं ते कळायचं.

लेक परत आली तेव्हा चौकटवाले चौकटीतून काढताना फुटलेले आरशाचे तुकडे जाड कागदात गुंडाळत होते. नाचाच्या बाई समजुतीच्या निघाल्या होत्या. नवा आरसा चालेल, थोडा उशीर झाला तरी चालेल म्हणाल्या होत्या. लेकही वाकून तुकडे उचलायला लागली. चौकटवाल्यांनी हातातला कागद खाली ठेवला. आयुष्यभर हा माणूस रस्त्यावरच्या परक्यांशी बोलला, आणि आता स्वतःच्या लेकीशी बोलायचं तर त्याला शब्द गोळा करावे लागत होते.

"राग नव्हता आला," ते म्हणाले. "भीती वाटत होती. बोललो तर तू जाशील, अशी. मला तू इथे हवी आहेस. दुकानासाठी नाही, दुकान गेलं खड्ड्यात. आणि तुझ्या सांध्यात नख शिरत नाही, माझ्या शिरतं. हे मला पाच वर्षांपूर्वीच दिसलं होतं. तेही बोललो नाही."

लेक हातातल्या तुकड्याकडे बघत होती. तिने तो नीट कागदावर ठेवला. मग ती म्हणाली, "चुकतंय असं वाटलं तर सांगत जा. एकदा. एकदाच. मग करायचं की नाही, ते माझं."

"एकदाच?"

"हे दुसऱ्यांदा झालं, बाबा."

चौकटवाले गप्प बसले, आणि या वेळी तो अबोला नव्हता हे दोघांनाही कळलं. संग्रहालयाचं काय ठरलं, ते मात्र ती बोलली नाही, आणि त्यांनी विचारलं नाही. विचारलं तर ते त्या एकदाच सांगण्यात धरलं जाईल की काय, अशी त्यांना धास्ती वाटली. घरी बायकोनेही विचारलं नाही. तिने नुसता त्यांच्या खिशातला भुसा झाडला आणि आज बोलणं झालं वाटतं, एवढंच म्हणाली.

नवा आरसा आला. या वेळी लेकीने खालच्या कोपऱ्यांना कोन लावले, वरच्याही लावले. मग ती आणि चौकटवाले मिळून हॉलवर गेले. तिथे गेल्यावर लेकीने बेत सांगितला. आरसा वरून टांगायचा नाही. खाली भिंतीला एक जाड लाकडी पट्टी स्क्रूने पक्की करायची, सगळं ओझं तिच्यावर ठेवायचं, आणि वर फक्त पकडीपुरते दोन चिमटे.

चौकटवाल्यांचा जीव कासावीस झाला. त्यांनी जन्मभर आरसे टांगले होते. ते म्हणाले, आरसा टांगायचा असतो, खाली ठेवायचा नसतो. वर चार जबर हूक लाव. लेक म्हणाली, ऐकलं. आणि तिने खालच्या पट्टीसाठी खुणा करायला घेतल्या.

पुढचा तास चौकटवाल्यांनी कसा काढला ते त्यांनाच माहीत. दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा जांभई दिल्यासारखं करून मिटलं. एकदा ते बाहेर जाऊन रस्त्यावरच्या एका अनोळखी माणसाला त्याने न विचारताच पत्ता सांगून आले, तेव्हा कुठे त्यांना बरं वाटलं. परत आले तर लेक शिडीवर चढून वरच्या चिमट्यासाठी भोक पाडत होती. ड्रिल टेकवल्याबरोबर भिंतीतून भरभर लाल माती गळायला लागली. वरची सगळी भिंत भुसभुशीत होती. माप घ्यायला आली त्या दिवशीच तिने ते ठोकून बघितलं होतं. चार हूक काय, चाळीस लावले असते तरी आरसा नाचाच्या पहिल्या ठेक्याला खाली आला असता. खालचा भाग तेवढा पक्का होता, आणि तिथे तिची पट्टी अशी बसली होती की चौकटवाल्यांनी पाय देऊन बघितला तरी हलली नाही.

आपलं चुकलं, या गोष्टीचा त्यांना आयुष्यात पहिल्यांदा आनंद झाला.

आरसा जागेवर बसला. नाचाच्या बाई आल्या, समोर उभ्या राहिल्या, एक पाऊल डावीकडे, एक उजवीकडे टाकून बघितलं, आणि खूश होऊन चौकटवाल्यांना म्हणाल्या, "काका, काम म्हणजे तुमचंच. कसा सुरेख बसवलात."

चौकटवाले म्हणाले, "मी नाही. ही माझी लेक. मी तर तिला सांगत होतो, की असं करू नकोस."

लेक शिडीवर होती. ती मोठ्याने हसली. नाचाच्या बाईही हसल्या आणि मग तिच्याकडे वळल्या, आणि पुढचं सगळं बोलणं तिच्याशीच केलं. समोरच्या भिंतीलाही असाच आरसा करायचा होता. पण आत्ता नाही, उन्हाळा संपल्यावर. तुम्ही कुठल्याशा संग्रहालयात जाणार असं कानावर आलं होतं, तर तेव्हा तुम्ही इथे असाल ना, त्यांनी विचारलं.

चौकटवाल्यांनी स्क्रूंचा डबा उचलला होता. तो तसाच हातात राहिला.

"असेन की," लेक म्हणाली. "त्यांना मी कालच नाही म्हणून कळवलं."

चौकटवाले डबा घेऊन कोपऱ्यात गेले, भिंतीकडे तोंड करून खाली बसले आणि डब्यात आधीच मापाप्रमाणे लावून ठेवलेले स्क्रू पुन्हा एकदा लावायला लागले.